फोल्डर डिलीट केलं तरी सॉफ्टवेअर यादीतून का जात नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही गफलत होत असेल तर तिथंच कळेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसमध्ये विंडोज १० चा पीसी आहे. त्यावरच्या बिलिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकायची, म्हणून तुम्ही 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये जाऊन जुन्याचं फोल्डर डिलीट केलंत. आता विंडोजच्या सॉफ्टवेअर काढायच्या यादीत नाव तसंच दिसतंय, 'अनइन्स्टॉल' दाबलं की फाइल सापडत नाही म्हणतंय, आणि नवा सेटअप 'आधीची आवृत्ती काढा' म्हणून अडून बसलाय. शिवाय मुदत संपलेला एक अँटिव्हायरस आहे, त्याचं तर फोल्डरही डिलीट होत नाही. एकानं सांगितलं फॉरमॅट मारा, दुसऱ्यानं सांगितलं रजिस्ट्री (म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही) साफ करणारा रजिस्ट्री क्लीनर टाका. यातलं काय करू, असं तुम्ही विचारताय.

दोन्ही नको, निदान इतक्यात तरी नको. मी सोलापुरातल्या कारखान्यांचे, दुकानांचे आणि सीए ऑफिसांचे पीसी सांभाळतो, आणि मार्चएंड जवळ आला की नेमकी हीच तक्रार येते. 'फोल्डरच उडवलं की ओ, आता राहिलंच काय?' असं म्हणत माणूस फोन करतो. सॉफ्टवेअरचा काही भाग शिल्लक राहिला, ही तुमची अडचण नाहीच. ज्या फाइलनं ते सॉफ्टवेअर नीट काढलं असतं, तीच फाइल फोल्डरबरोबर गेली, ही अडचण आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे रिसायकल बिन उघडा. साधं डिलीट केलं असेल तर फोल्डर अजून तिथं असेल. त्यावर राइट क्लिक करून 'रिस्टोअर' करा, ते आपल्या मूळ जागी जाऊन बसेल. बऱ्याचदा एवढ्यावरच अनइन्स्टॉल पुन्हा सुरळीत चालतं आणि पुढचं काही वाचायची गरजच उरत नाही. शिफ्ट दाबून डिलीट केलं असेल किंवा बिन रिकामा केला असेल, तर मात्र पुढचा रस्ता थोडा लांबचा आहे.

पण त्याआधी डेटाचं बोलू. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटली. गावातल्याच कुणीतरी करून दिलेली जुनी बिलिंग सॉफ्टवेअरं डेटा सरळ प्रोग्रामच्या फोल्डरमध्येच ठेवतात. काही जण सोबत एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हे डेटा सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर टाकतात, मग डेटा त्याच्या फोल्डरमध्ये 'एमडीएफ' आणि 'एलडीएफ' अशा जोडफाइलींत असतो. तो प्रकार असेल तर तुम्ही नशीबवान, कारण बिलिंगचं फोल्डर गेलं तरी डेटाला धक्का लागलेला नसतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी वेगळी गंमत. तिथं डेटाच्या फोल्डरला कंपनीचं नाव नसतं, १००००० असा नुसता आकडा असतो. 'हे काय फालतू फोल्डर' म्हणून आकडेवालं फोल्डर उडवणारे आणि मग डोक्याला हात लावून बसलेले लोक मी पाहिलेत.

तेव्हा डेटा कुठं आहे हे सॉफ्टवेअर करून देणाऱ्याला विचारा, तो पेनड्राइव्हवर आणि शिवाय दुसऱ्या एका पीसीवर उतरवा, आणि मगच पुढं जा. जीएसटी कायद्यानं हिशेबाची पुस्तकं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. म्हणजे जुनी बिलं नव्या आवृत्तीत उघडतात हे डोळ्यांनी बघेपर्यंत जुन्याला कायमचा निरोप देऊ नये. आणि डेटा त्या फोल्डरमध्येच होता, फोल्डर कायमचं गेलंय आणि बॅकअपही नाही, असं असेल तर तो पीसी वापरणं लगेच थांबवा. डिलीट झालेल्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं की परत मिळायची आशा कमी होते. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असेल तर ती मुळातच कमी असते. मग बाकी सगळं बाजूला, आधी डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा.

डेटा सुखरूप आहे असं धरून पुढं बोलतो.

सेटअप चालवला की काय होतं? 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये फाइली उतरतात, हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारं बरंच असतं. 'प्रोग्रामडेटा' आणि 'अ‍ॅपडेटा' या लपलेल्या फोल्डरांत सेटिंग्ज जातात, रजिस्ट्रीत नोंदी होतात, एखादी सर्व्हिस (पडद्यामागे चालणारं काम) बसते जी विंडोजबरोबर आपोआप सुरू होते, ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये अपडेटचं काम लागतं, कधी डोंगलचा, म्हणजे लायसन्ससाठी पीसीला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या तुकड्याचा, ड्रायव्हरही पडतो. आणि शेवटी रजिस्ट्रीतल्या 'अनइन्स्टॉल' नावाच्या जागी एक नोंद होते. त्यात सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती आणि ते काढायचं असेल तर कोणती फाइल चालवायची, याचा पत्ता असतो. तुम्ही जी यादी बघता ती म्हणजे या नोंदींचं वाचन, बाकी काही नाही. फोल्डर आहे की नाही हे विंडोज तिथं तपासत बसत नाही. तुम्ही विणकरांच्या गावचे, तुम्हाला लगेच कळेल. मागावरचं विणून झालेलं कापड कापून नेलं म्हणून ताणा मागावरून उतरत नाही.

आता 'काढणारी फाइल' दोन प्रकारची असते, आणि तुमचं उत्तर बरंचसं यावर अवलंबून आहे. पहिल्या प्रकारात ती सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्येच राहते. तिचं नाव बहुधा 'अनइन्स्टॉल' किंवा 'अनइन्स' आणि पुढं तीन शून्यं असं असतं. तिच्या शेजारी त्याच नावाची 'डॅट' फाइल असते, तिच्यात काय काय कुठं टाकलं याची नोंद असते. फोल्डरबरोबर दोन्ही जातात. दुसरा प्रकार विंडोज इन्स्टॉलरचा, ज्याला आम्ही एमएसआय म्हणतो. यात काढायची माहिती सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या 'इन्स्टॉलर' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये साठवलेली असते. म्हणून एमएसआयवालं सॉफ्टवेअर फोल्डर गेल्यावरही पुष्कळदा नीट निघतं. जाता जाता सांगतो, सी ड्राइव्ह भरला म्हणून हे 'इन्स्टॉलर' फोल्डर रिकामं करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जागा मिळते खरी, पण नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ना धड अपडेट होतं, ना धड निघतं.

तुम्हाला 'फाइल सापडत नाही' असा निरोप येतोय, त्यावरून पहिला प्रकार वाटतो. नव्या सेटअपच्या चौकटीत १६३८ हा आकडा दिसत असेल तर मात्र दुसरा. 'या उत्पादनाची दुसरी आवृत्ती आधीच आहे' असा त्या आकड्याचा अर्थ आहे.

दोन्ही प्रकारांत मी जो उपाय आधी करतो तो लोकांना उलटा वाटतो. जुनं सॉफ्टवेअर काढायचं असेल तर तेच पुन्हा टाका. अगदी तीच आवृत्ती, त्याच जागी. म्हणजे हरवलेली काढणारी फाइल परत येते, नोंदी पुन्हा जुळतात, आणि मग यादीतून 'अनइन्स्टॉल' केलं की सगळं रीतसर निघतं. जुना सेटअप 'डाउनलोड्स'मध्ये, ऑफिसच्या कपाटातल्या एखाद्या सीडीवर किंवा सॉफ्टवेअरवाल्याकडे असतोच. आवृत्ती कोणती ते यादीत नावासमोर लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. पुन्हा टाकताना नवी कंपनी, नवा डेटा असं काही विचारलं तर तिथंच थांबा आणि आधी घेतलेला बॅकअप सुरक्षित आहे ना, हे बघा.

जुना सेटअप मिळालाच नाही तर? मग कंट्रोल पॅनेलमधून 'प्रोग्राम्स अँड फीचर्स' उघडा. नव्या 'सेटिंग्ज'मधली यादी नको, जुनीच. तिथं नावावर डबल क्लिक केलं आणि काढणारी फाइल खरंच नसेल, तर विंडोज पुष्कळदा विचारतं की हे बहुतेक आधीच निघालेलं आहे, यादीतून नाव काढू का? 'येस' म्हणा. यानं फक्त नोंद जाते, बाकी काही साफ होत नाही, पण अडलेला नवा सेटअप बऱ्याचदा एवढ्यानं पुढं सरकतो. एमएसआयचं प्रकरण असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर इन्स्टॉल आणि अनइन्स्टॉलच्या अडचणींसाठी एक फुकट ट्रबलशूटर मिळतो. तो बिघडलेल्या नोंदी दुरुस्त करतो आणि अडलेलं सॉफ्टवेअर काढायचा प्रयत्न करतो.

हेही जमलं नाही तरच रजिस्ट्रीत हात घाला. आधी रिस्टोअर पॉइंट करा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आत्ताच्या स्थितीत परत आणता येईल. पुष्कळ पीसींवर 'सिस्टिम प्रोटेक्शन' बंदच असतं, ते आधी चालू करावं लागतं. मग रजिस्ट्री एडिटर उघडून 'लोकल मशीन'खाली 'सॉफ्टवेअर', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'करंट व्हर्शन' असं उतरत 'अनइन्स्टॉल'पर्यंत जा. तिथं कंसातल्या लांबलचक आकड्यांच्या किंवा नावांच्या 'की', म्हणजे फोल्डरसारखे कप्पे, दिसतील. एकेक उघडून उजवीकडे 'डिस्प्ले नेम'मध्ये तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव शोधा. चौसष्ट बिटच्या विंडोजवर जुनी बत्तीस बिटची सॉफ्टवेअरं 'वॉव ६४३२ नोड' या वेगळ्या फांदीखाली असतात, आणि जुनं बिलिंग बहुतेक तिथंच सापडेल. ती एकच 'की' आधी 'एक्स्पोर्ट' करून ठेवा, मग डिलीट करा. 'फाइंड' लावून त्या नावाचं जे जे दिसेल ते उडवत सुटू नका. कंपनीचं नाव एखाद्या साध्या शब्दाचं असेल तर भलत्याच नोंदी हाती लागतात.

रेव्हो, गीक यांसारखी अनइन्स्टॉलर सॉफ्टवेअरं मीही वापरतो, पण सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या अनइन्स्टॉलनंतर उरलंसुरलं झाडायला. त्यांनी दाखवलेल्या यादीत 'सिलेक्ट ऑल' दाबणं मात्र मला पटत नाही. एकेक ओळ वाचा. ओळीत तुमच्या सॉफ्टवेअरचा पत्ता स्पष्ट दिसत असेल तरच टिक करा. नुसता रजिस्ट्री क्लीनर तर टाकूच नका. अशा साधनांना मायक्रोसॉफ्ट स्वतः पाठिंबा देत नाही, आणि रजिस्ट्रीत शेकडो रिकाम्या नोंदी असल्या म्हणून पीसी मंद होत नाही. विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप नावाचं एक साधन मायक्रोसॉफ्टनंच पूर्वी दिलं होतं. ते इतर सॉफ्टवेअरच्या नोंदी बिघडवतं म्हणून त्यांनीच २०१० मध्ये मागं घेतलं. जुन्या साइटवर ते अजून सापडलं तरी उतरवू नका.

आता अँटिव्हायरस. तो बिलिंगसारखा नाही. तो विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर घालून बसतो, प्रत्येक फाइल उघडताना मध्ये उभा राहतो, आणि व्हायरसनं आपल्याला काढू नये म्हणून स्वतःचं फोल्डर राखतो. म्हणून 'परवानगी नाही' असं येतं. हा बिघाड नाही, त्याचं कामच आहे. अडलेल्या फाइली मोकळ्या करणारं अनलॉकर वगैरे लावून फोल्डर जबरदस्तीनं उडवलंत तर फाइली जातील, ड्रायव्हरची नोंद राहील, आणि मग इंटरनेट बंद पडणं किंवा विंडोज कोसळून निळा पडदा येणं हे सगळं सुरू होईल.

याचा क्रम असा ठेवा. लायसन्स की कुठं तरी लिहून घ्या. अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये 'सेल्फ प्रोटेक्शन' असेल तर बंद करा. काढताना पासवर्ड मागितला तर तो ज्यानं बसवून दिला त्याच्याकडे असतो, त्याला विचारा. मग यादीतून अनइन्स्टॉल, मग रिस्टार्ट. त्यानंतरही काही उरलं किंवा मुळात अनइन्स्टॉलच झालं नाही, तर त्या त्या कंपनीचं स्वतःचं काढणारं साधन वापरा. जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीचं असं साधन असतं, उदाहरणार्थ अवास्टचं अवास्ट क्लिअर. ते त्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. शोधल्यावर सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक केलंत तर एक काढायला जाऊन तीन घेऊन याल.

यातली काही साधनं सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर चालू असताना, चालवायची असतात. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट केलं की निळा मेनू येतो, तिथून 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', मग ४ नंबर. त्याआधी दोन गोष्टी हाताशी ठेवा. खात्याचा पासवर्ड, कारण रोजच्या पिनवर भागेलच असं नाही. आणि डिस्क विंडोजच्या बिटलॉकरनं कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केलेली असेल तर त्याची रिकव्हरी की. ती नसताना ती मागणाऱ्या निळ्या पडद्यासमोर अडकलेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा मलाही फारसं काही करता येत नाही. एक उलट गोष्टही ध्यानात असू द्या. एमएसआयवाली सॉफ्टवेअरं सेफ मोडमध्ये सहसा निघत नाहीत, कारण तिथं विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिसच चालू नसते. त्यामुळं 'काही निघत नसेल तर सेफ मोडमध्ये जा' हा सरसकट सल्ला बिलिंगला लावू नका. अँटिव्हायरस गेल्यावर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर चालू झाला का ते बघा. दुसरा नोंदलेला असेपर्यंत तो मागं सरलेला असतो.

रिस्टार्टचा उल्लेख वर सहज केला, पण त्यात एक मेख आहे. ज्या फाइली वापरात असतात त्या अनइन्स्टॉलर लगेच काढू शकत नाही. 'पुढच्या वेळी सुरू होताना काढ' अशी नोंद करून तो मोकळा होतो. आणि विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर पीसी पूर्ण बंद होत नाही, गाभा झोपवून ठेवलेला असतो. म्हणून संध्याकाळी बंद करून सकाळी चालू केलं तरी ती नोंद तशीच राहते. 'रिस्टार्ट'च करा. लोक सांगतात 'ओ, चारदा बंद-चालू केलं की', आणि एका रिस्टार्टमध्ये काम होतं.

एवढं झाल्यावर उरलेल्या गोष्टींपैकी कशाची फिकीर करायची? माझा साधा निकष असा की जे चालतं ते काढायचं, जे नुसतं पडून आहे ते राहिलं तरी चालेल. 'सर्व्हिसेस', टास्क शेड्युलर आणि टास्क मॅनेजरमधलं 'स्टार्टअप' या तीन जागी जुन्या सॉफ्टवेअरचं नाव उरलंय का बघा. उरलं असेल तर आधी 'डिसेबल' करा, दोन-चार दिवस सगळं नीट चाललं तरच डिलीट करा. मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स नावाचं फुकट साधन हे सगळं एका पडद्यावर दाखवतं, आणि ज्यांची फाइल जागेवर नाही अशा ओळी पिवळ्या करून दाखवतं. याउलट 'अ‍ॅपडेटा'त दहा-वीस एमबीचं एखादं फोल्डर राहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही. अगदी बघायचंच असेल तर विंडोजच्या 'रन' चौकटीत टक्क्याचं चिन्ह, अ‍ॅपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं टाइप केलं की तिथं पोचता.

साफसफाईच्या भरात काही गोष्टींना मात्र हात लावू नका. यादीत 'व्हिज्युअल सी प्लस प्लस' हे नाव २००८, २०१०, २०१३ अशा वेगवेगळ्या वर्षांसह पाच-सहा वेळा दिसेल. ती एकाच गोष्टीची डुप्लिकेट नाहीत, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांना वेगवेगळी लागतात. एसक्यूएल सर्व्हरचंही तेच. बिलिंगनं आणला असला तरी आता हजेरीचं सॉफ्टवेअर त्यावर चालत असेल, तर काढल्यावर दुसऱ्या दिवशी कामगारांची हजेरी लागणार नाही. आणि तुमच्या ऑफिसात जुनं मराठी टायपिंग सॉफ्टवेअर असेल, श्रीलिपी किंवा आयएसएमसारखं, तर ते काढताना त्याचे फाँट ठेवा. जुनी पत्रं युनिकोडमध्ये (आजकाल सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये) नसतील तर फाँट गेल्यावर उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर गेलेला नसतो, पण बघणाऱ्याला गेला असंच वाटतं.

फॉरमॅट कधी करायचं, तर त्याला माझी सरसकट ना नाही. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर त्याच्या अनइन्स्टॉलरवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, कारण त्यानं आणखी काय बसवलं ते कुणालाच ठाऊक नसतं. पीसीत व्हायरस शिरल्याची खात्री असेल तरीही फॉरमॅटच बरं. शिवाय विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. पीसी विंडोज ११ पेलणारा असेल आणि तुम्ही तसंही बदल करायच्या विचारात असाल, तर जुन्यातून एकेक काढत बसण्यापेक्षा डेटा बाजूला घेऊन नव्यानं सुरुवात करणं सोपं पडेल. पण तसं करताना टॅली असेल तर त्याचं लायसन्स आधी सरेंडर करा, म्हणजे या पीसीवरून सोडवून घ्या, आणि डोंगलवर चालणारं डिझाइनचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा सेटअप हातात आल्याशिवाय फॉरमॅटवाल्याला पीसीला हात लावू देऊ नका.

तुमच्या बाबतीत, डेटाचा बॅकअप झाला की आधी बिलिंग सोडवा, मग अँटिव्हायरस, आणि दोन्हींच्या मध्ये एक रिस्टार्ट. दोन्ही एकदम सुरू केलंत तर काय कशामुळं अडलं ते कळणार नाही. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी करा, कारण दुपारी गाडी भरायची असताना बिल निघेना झालं की लोक घाईनं जे करतात, त्यातूनच असले प्रश्न तयार होतात. तरीही अडलात तर तीन गोष्टी कळवा. फोल्डर बिनमध्ये सापडलं का, यादीत नावासमोर कोणती आवृत्ती आहे, आणि नवा सेटअप अडतो तेव्हा चौकटीत नेमकं काय लिहिलेलं असतं. मोबाइलवर फोटो काढून पाठवलात तरी चालेल, फक्त चौकटीतला आकडा वाचता यायला हवा.